आवर्तनाचा रविवार

माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहतात. नीमा आणि रेहेमा. दोघी टांझानियाच्या, इथे फार्मसी शिकायला आल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना खोली दिली ती प्रतिभाने, म्हणजे माझ्या बायकोने. मी नको म्हणत होतो. परदेशी मुली, पोलिसांकडे फॉर्म भरायचा, त्यावर सही माझी, उद्या काही झालं तर विचारणार कोणाला? प्रतिभा म्हणाली, "होत काही नाही. तुम्ही आधी घाबरता आणि मग विचार करता."

आम्हाला मूलबाळ नाही. मुली तिला 'मामा' म्हणायच्या. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. गल्लीतली पोरं हसायची, प्रतिभाही हसायची. नीमाला मराठी तिनेच शिकवलं.

प्रतिभा गेली त्याला आता अकरा महिने झाले. दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. मी म्हणालो ॲसिडिटी असेल, आणि लिंबू-जिऱ्याचं पाणी करून दिलं. संध्याकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. या गोष्टीबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी नीमा आणि रेहेमा खाली आल्या. सोबत बराका होता, त्यांच्याच कॉलेजचा, हॉस्टेलवर राहणारा. उंच, सतत हसणारा मुलगा. परीक्षा संपल्या होत्या. बाकीची मुलं गावी गेली, पण यांना विमानाचं तिकीट परवडत नाही, म्हणून सुट्टी नाशिकमध्येच काढायची. वरची खोली पत्र्याखाली आहे, दुपारी थांबवत नाही.

"अंकल, उद्या आम्ही सहा जण पोहायला जाणार," नीमा म्हणाली. "डॅमवर."

"डॅमवर नाही जायचं," मी लगेच म्हणालो.

"मला पोहता येतं. माझं घर तळ्याकाठी आहे. एवढं मोठं तळं, पलीकडचं दिसत नाही."

"असू दे. धरणात खाली गाळ असतो. पाय अडकला की निघत नाही."

"अंकल, हमको बकेट में बैठने को बोलेंगे," बराका म्हणाला आणि तिघंही हसले.

मला त्यांना नाही म्हणवेना. वर्षभर या घरात कोणी मोठ्याने हसलं नव्हतं. धरण सोडून दुसरी कुठली जागा सांगावी याचा मी विचार करायला लागलो, आणि मला प्रतिभाच्या माहेरची नदी आठवली.

तिचं माहेर नाशिकरोडच्या पुढे, दारणेच्या काठावर. उन्हाळ्यात तिथे नदीत गुडघाभरसुद्धा पाणी नसतं. मोठे सपाट खडक आणि मधून स्वच्छ धार. लहान मुलं दिवसभर खेळतात. मी त्यांना वहीच्या कागदावर नकाशा काढून दिला. पूल लागायच्या आधी डावीकडे वळायचं, पिंपळाजवळून मळ्यांच्या मागची गाडीवाट धरायची, ती थेट नदीवर जाते.

"तिथे कोणी ओळखीचं आहे?" रेहेमाने विचारलं.

"कोणी नाही. कोणाला विचारत बसू नका. सरळ जा."

हे खोटं होतं. त्या गाडीवाटेच्या शेजारीच माझ्या मेव्हण्याचं, केरूचं घर आहे. सरळ रस्त्याने गेलं की त्याच्या अंगणातूनच जावं लागतं. पण दहाव्याला केरू चार माणसांत म्हणाला होता, "दाजींनी येळेवर नेलं असतं तर माझी बहीण वाचली असती." त्यानंतर त्याने दुखवट्याची टॉवेल-टोपी माझ्यासमोर धरली, ती मी घेतली नाही. सगळ्यांसमोर उठून निघून आलो. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. मी पाठवलेली पोरं त्याच्या दारात जाऊन उभी राहावीत, आणि त्याने विचारावं, कोणी पाठवलं, हे मला नको होतं. म्हणून मी त्यांना मागची वाट सांगितली.

रविवारी आठला ती निघाली. भाड्याच्या तीन स्कूटर, सहा जण, एक टरबूज, एक स्पीकर. मी त्यांना हेल्मेट घाला म्हणालो. बराकाने टरबुजावर हेल्मेट ठेवून दाखवलं.

मी कपडे धुतले, भात लावला. दहाच्या पुढे पेपर घेऊन बसलो. आतल्या पानावर, खाली, एक छोटी बातमी होती. पिण्याच्या पाण्यासाठी दारणेत आवर्तन. रविवारी पहाटे धरणातून पाणी सोडणार. नदीकाठच्या लोकांनी पात्रातल्या मोटारी आणि जनावरं काढून घ्यावीत, पात्रात उतरू नये.

मी ती बातमी दोनदा वाचली. मग पेपरची तारीख बघितली. आजचीच होती.

उन्हाळ्यात धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. हे मला काय माहीत नव्हतं? लग्नानंतर कितीतरी उन्हाळे मी त्या गावात ते पाणी येताना बघितलं आहे. कोरडी नदी तासाभरात माणूसभर होते. पण शनिवारी मला ते आठवलं नाही. धरण खोल म्हणून मी त्यांना धरणावर जाऊ दिलं नाही, आणि धरणाचंच पाणी जिथे येणार तिथे पाठवलं.

नीमाला फोन लावला. लागला नाही. रेहेमाचाही लागला नाही. नदीत खाली उतरलं की तिथे रेंज नसते. मग राहिला केरू. मी नंबर काढला आणि त्याच्याकडे बघत बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण बसलो हे खरं आहे. मग लावला. "आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे." आवर्तन सुटलं की कोणी वाटेत पाणी उपसू नये म्हणून नदीकाठची लाईट कापतात. लाईट नाही म्हणजे चार्जिंग नाही. केरूचा फोन मेलेला असणार.

मी मोटारसायकल काढली. शेजारचा नवनाथ गेटवर उभा होता. "शेखरराव, एवढ्या उन्हात कुठं? टोपी तरी घाला." मी गाडीला किक मारली.

आमच्या सातपूरहून तिकडे जायला पाऊण तास लागतो. द्वारका चौकात गाड्या अडकल्या होत्या. मी हिशोब करत होतो. पहाटे पाच वाजता सोडलं असेल तर गावापाशी किती वाजता येईल? प्रतिभाला माहीत असायचं. ती म्हणायची, पहिल्या आवर्तनाला नदी तहानलेली असते, पाणी उशिरा येतं. हे पहिलं आहे की दुसरं? बातमीत लिहिलं होतं का? मला आठवेना. पेपर घरीच राहिला होता. भाताखालचा गॅस बंद केला का, तेही आठवेना.

पुलाआधी डावीकडे वळलो. पिंपळाजवळ जरा थांबलो. सरळ केरूचं घर, शंभर पावलांवर. पण तिथे जाऊन काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची? मी गाडीवाटेनेच गेलो.

आधी गाणं ऐकू आलं. मग काठावर तीन स्कूटर दिसल्या आणि मग मुलं. नदी होती तशीच होती, पिंढरीएवढं पाणी. ती एकमेकांवर पाणी उडवत होती. एक जण खडकावर आडवा पडला होता आणि दुसरा त्याच्या पोटावर टरबुजाची सालं रचत होता. मला बघून बराका ओरडला, "अंकल आ गये!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी मजा करायला आलो.

"बाहेर या," मी म्हणालो. "सगळे बाहेर. पानी आ रहा है."

"पानी किधर, अंकल? ये तो बाथरूम से कम है!"

"डॅम से छोडा है. बहुत पानी."

"गुड! फिर स्विमिंग करेंगे."

एकाने माझा हात धरून मला आत ओढलं. बूट भिजले. सगळे हसत होते. मला धड हिंदी येत नाही, इंग्रजी त्याहून कमी, आणि रागात तर मराठीही नीट येत नाही. मी खडकावरचा स्पीकर उचलला आणि बंद करता येईना म्हणून तसाच काठावरच्या गवतात फेकला. गाणं चालूच राहिलं, पण मुलं गप्प झाली.

"बाहेर," मी पुन्हा म्हणालो.

ती निघाली. तोंडं पाडून, हळूहळू, एकमेकांकडे बघत. म्हातारा बिघडला, असं त्यांना वाटलं असणार. काठावर आली तेव्हा मी मोजली. पाच.

"नीमा कुठे?"

रेहेमाने नदीपलीकडे बोट दाखवलं. "उधर. फोन. संडे को उसकी मदर चर्च से आके फोन करती है. उधर रेंज है."

पलीकडचा काठ उंच आहे आणि वर बाभळी. तिथे कोणी दिसत नव्हतं. मी हाका मारल्या. सगळ्यांनी मारल्या. उत्तर आलं नाही. पाणी अजून तेवढंच होतं, पन्नास पावलांत पलीकडे जाता आलं असतं. मी पँट वर केली आणि निघालो. खडकावरून खडकावर. माझे गुडघे दुखतात, मी फार हळू जातो. मध्यावर पोचलो असेन तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ दाजी! माघारी फिरा!"

केरू होता. खांद्यावर मोटारीची केबल, चड्डी-बनियनवर, काठावरून पळत येत होता.

"वरच्या बंधाऱ्यावरनं पाणी पडाया लागलं! माघारी या म्हंतो ना!"

"मुलगी आहे पलीकडे!"

"पलीकडं हाय ना? मग ती कोरड्यात हाय! तुम्ही नदीत हाय! फिरा!"

मी तिथे उभा राहिलो. पुढे पंचवीस पावलं, मागे पंचवीस. पुढे जावं असंच मला वाटत होतं. मागे फिरणं म्हणजे परत एकदा तिला, कोणालातरी, तिकडे ठेवून येणं. पण केरूचं म्हणणं खरं होतं. मी फिरलो. शेवटच्या खडकावरून त्याने मला दंडाला धरून वर ओढलं. अकरा महिन्यांनी त्याचा हात लागला, आणि तो शिव्या देत होता. "काय डोकंबिकं हाय का नाय? या वयात नदीत उड्या!"

पाणी काही लाटेसारखं आलं नाही. आधी फेस आला, पिवळट, त्यात काटक्या, पालापाचोळा, पाण्याच्या बाटल्या, एक तुटकी चप्पल. मग खडकांच्या मधली वाळू ओली झाली. मग लहान खडक दिसेनासे झाले. आवाज हळूहळू वाढत गेला. मुलं बघत होती. मघाशी टरबुजाची सालं रचली होती तो खडक बुडाला तेव्हा बराका हळूच काहीतरी म्हणाला आणि त्याने छातीवर क्रूस काढला.

तेव्हाच नीमा पलीकडच्या काठावर आली. कानाला फोन, अनवाणी. तिच्या चपला इकडे स्कूटरजवळ होत्या. तिने नदी बघितली, आम्हाला बघितलं, फोन खाली घेतला आणि काठ उतरायला लागली.

"नको! नीमा, नको!"

ती हात हलवून काहीतरी म्हणाली. आवाजात ऐकू आलं नाही, पण मला कळलं. मला पोहता येतं, असंच म्हणत असणार. ती पाण्यात आली. गुडघ्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. मग तिचा एक पाय सरकला आणि ती वाकडी होऊन एका हातावर आली, फोनचा हात वर.

"तळ्याचं पाणी उभं राहतं, पोरी, हे वढून नेतंय!" केरू ओरडला. एवढ्या आवाजात हे तिला कसं ऐकू जाणार?

बराकाने शर्ट काढला. मी त्याचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी. तो माझ्या दुप्पट ताकदीचा, मला घेऊनच दोन पावलं पुढे गेला. केरूने त्याला मागून कमरेत मिठी मारली. मग रेहेमा ओरडली, त्यांच्या भाषेत, एक लांबलचक वाक्य, शेवटी रडत. काय म्हणाली ते मी नंतर विचारलं. ती म्हणाली होती, तू आलीस तर बराका पण येईल आणि तुम्ही गेलात हे सांगायला तुमच्या दोघांच्या आयांना मी फोन करणार नाही.

नीमाने बराकाकडे बघितलं. मग ती वळली. तिने काठाला हात घातला. ती वर चढली, एक झुडूप धरून बसली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"तिथंच बस!" मी ओरडलो. "मी येतो! पुलावरून!"

पुलावरून फिरून पलीकडे जायला बारा किलोमीटर पडतात. नीमाच्या चपला मी गाडीच्या बाजूच्या डिकीत टाकल्या. केरूने केबल रेहेमाच्या हातात दिली. "ही केबल माझ्या घरी घेऊन जा, समदे जा. ते निळं गेट. गोजराबाई हाय, माझी बायको. तिला म्हणा दाजींची पोरं आलीत." मग तो माझ्या मागे बसला. "चला. पलीकडच्या वाटा तुम्हाला माहीत नाय."

पूल आला. पुलाखालून तेच पाणी चाललं होतं, इथे आणखी रुंद.

"पोरं तुम्ही पाठवली?" केरूने विचारलं.

"हो."

"मग घरावरनं का नाय पाठवली? सकाळपासनं लाईट कापलीय. पाणी येणार हे गोजरीनं दारातच सांगितलं असतं. नदीवर जाऊच दिलं नसतं त्यांना."

"तू कोणी पाठवलं विचारलं असतंस."

"इचारलं असतं," तो म्हणाला. "मग?"

पूल संपून आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो. केरू माझ्या खांद्याआडून बोलत होता, वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं.

"दाजी, त्या दिशी ताईनं मलाबी फोन केला होता. दुपारी. म्हणली छातीत भरल्यागत होतंय. मी कांदा भरत होतो. म्हणलं, पित्त झालं आसंल, गरम पाणी पी." गाडी खड्ड्यातून गेली. "मग मी तुम्हाला बोललो दहाव्याला. कोणाला तरी बोलायचं होतं मला."

हे ऐकायची मी अकरा महिने वाट बघितली असती, जर मला माहीत असतं की ऐकायचं आहे. पण तेव्हा माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी रस्त्याच्या डाव्या बाजूच्या बाभळी बघत होतो. जिथे ती बसली होती ती जागा आता येणार होती.

आली. तिथे कोणी नव्हतं.

केरू उतरून काठापर्यंत गेला. ओल्या पायांचे ठसे वर येताना दिसत होते आणि धुळीत पुसट होत होते. मी नीमा, नीमा करत हाका मारल्या. समोरच्या काठावर आता स्कूटर नव्हत्या, मुलं नव्हती, नुसतं गवत. पाणी आणखी चढलं होतं. ती पुन्हा उतरली का, असं केरूने विचारलं नाही आणि मीही म्हणालो नाही.

"ठसे रस्त्याला लागलेत," केरू म्हणाला. "खाली नाय गेलेत. दाजी, हिकडं बघा. रस्त्याला."

"आपण रस्त्यानेच आलो. आपल्याला कशी दिसली नाही?"

"ही दुसरी वाट हाय, वस्तीवरनं डांबरीला जाते. चला."

दोन शेतं ओलांडली आणि ती दिसली. डांबरी रस्त्याच्या कडेने चालत होती. डांबर तापलं होतं म्हणून कडेच्या वाळक्या गवतावर पाय टाकत, एकेक पाय उचलत. कपडे अजून ओले. मी गाडी उभी केली ती स्टँडवर नीट लागली नाही, आडवी पडली. मी तशीच सोडली.

"अंकल," ती म्हणाली, "मी पुलाकडे येत होते. तुम्हाला लांब पडलं असतं."

"तुला बस म्हणालो होतो तिथे!"

"ऐकू नाही आलं. गाडी निघालेली दिसली फक्त."

मी तिला बोलणार होतो, खूप बोलणार होतो, पण केरू मध्ये आला. त्याने डिकीतून तिच्या चपला काढल्या आणि तिच्या पायांपुढे ठेवल्या. "घाल, पोरी. पाय भाजले का?"

तिच्या हातातला फोन वाजत होता. ती उचलत नव्हती.

"आई आहे," ती म्हणाली. "मघाशी बोलता बोलता मी खाली उतरले. तिने सगळ्यांचं ओरडणं ऐकलं. मग फोन कट झाला. आता सारखा करते आहे. मी काय सांगू?"

"उचल," मी म्हणालो. "उचल आधी."

तिने उचलला. व्हिडिओ कॉल होता, पडद्यावर एक बाई, डोक्याला रंगीत कापड, चर्चचे चांगले कपडे, चेहरा घामाने भरलेला. ती एकाच दमात बोलत होती. नीमा तिला काहीतरी सांगत होती, पण बाई थांबत नव्हती. मी फोन मागितला.

"ताई," मी मराठीतच म्हणालो, मला दुसरं काही सुचलं नाही. "मुलगी ठीक आहे. माझ्यासमोर उभी आहे. मीच तिला नदीवर पाठवलं होतं. पाणी येणार हे मला कळायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

बाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "नानी?"

"कोण, असं विचारते आहे," नीमा म्हणाली आणि फोन घेऊन तिच्याशी बोलली. एवढंसंच बोलली. बाईने डोळे पुसले, मग फोनच्या पलीकडून दोन्ही हात जोडले, आपल्यासारखे.

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं. "मी म्हणालो ते सगळं सांगितलंस का?"

"नाही."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, मी ज्यांच्या घरी राहते ते मला न्यायला आले."

केरूने तोवर गाडी उभी केली होती. मी तिला म्हणालो की बाकीचंही सांगायला हवं, आज ना उद्या. ती म्हणाली, घरी गेल्यावर पुन्हा लावू, तेव्हा तुम्ही बोला, मी नीट भाषांतर करते.